अंगणातला बाप्या

९ फेब्रुवारी

छपरातून बर्फ आत येतो. पाणी नव्हे, बर्फ! सकाळी उठले तर उशीशेजारी पांढरी रेघ. मला वाटलं रव्याची पिशवी फुटली, म्हणून बोट लावून चाखलं आणि मग केवढ्याने तरी ओरडले. ऐकायला कुणी नव्हतं.

सत्तेचाळीस वर्षं अल्जिअर्समध्ये काढली, त्यातली बावीस गणवेशांच्या कारखान्यात मशीनवर. कारखाना बंद पडला. हातात जे पैसे आले त्यात शहरात न्हाणीघरसुद्धा मिळालं नसतं. इथे कबायलीच्या डोंगरात दोन खोल्यांचं दगडी घर मिळालं, मागे उताराची जमीन, तीन अंजिराची झाडं. अंगणात चौथंही एक आहे, वाकडंतिकडं. कागदावर तीनच लिहिली आहेत. विकणाऱ्याचं लक्ष नव्हतं बहुतेक. चौथं फुकट पदरात पडतंय म्हणून मी गप्प बसले.

तो विकणारा फ्रान्समध्ये असतो. फोनवर म्हणाला, "बाई, स्वर्ग आहे तिथे." स्वर्गाला छप्पर नसतं, हे मात्र त्याने खरं सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

माझा भाऊ जमाल म्हणाला, "तीन महिने. मग येशील परत. सोफा तुझ्यासाठी तसाच ठेवतो." त्याच्या बैठकीतला सोफा. नवऱ्याने सोडल्यापासून अकरा वर्षं मी त्याच्यावर झोपले. पाहुणे उठल्याशिवाय पाठ टेकता यायची नाही. त्या सोफ्यावर परत जायचं नाही, एवढं ठरवून आले आहे. बाकी काहीच ठरवलेलं नाही.

१४ फेब्रुवारी

दा मेझियान आला होता. दुकान त्याचं, गावच्या बैठकीतही तोच मुख्य. 'दा' म्हणजे थोरला भाऊ, मी त्याला दुसरं काय म्हणणार? न बोलावता खांद्यावर कौलं घेऊन आला, छपरावर चढला, दोन तासांत भोकं बुजवली. पैसे काढले तर रागावला. कॉफी तेवढी घेतली.

जाताना दारातून म्हणाला, "या थंडीत तुमचा बाप्या तगला हे नशीब."

माझी कबायली कच्ची. आई गेल्यापासून बोललेच नाही, वडील घरात अरबी बोलायचे. तरी 'बाप्या' कळायला शाळा लागत नाही. मी म्हटलं, "माझा बाप्या अकरा वर्षांपूर्वीच गेला, दा."

"गेला? अहो, काल तर मी वाटेवरून पाहिला. उभा होता की चांगला!"

तो इथे? कशासाठी? दाराला कडी घातली, कडीला खुर्ची लावली आणि वहिनीला फोन केला. वहिनीने दोन तासांनी बातमी आणली. माझा माजी नवरा ओरानमध्ये आहे, दुसऱ्या बायकोच्या घरी, पाय प्लास्टरमध्ये.

म्हणजे दा मेझियानचं डोकं फिरलेलं आहे. छप्पर मात्र छान लावलं.

३ मार्च

शेजारची म्हातारी. सगळे तिला नान्ना शाभा म्हणतात. नान्ना म्हणजे मोठी ताई, पण ही सगळ्यांच्याच मोठ्या ताईची आई शोभेल. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. रोज दुपारी भिंतीला हात लावत लावत माझ्या अंगणात येते, भांडी धुतलेलं पाणी त्या वाकड्या झाडाच्या बुंध्याशी ओतते, बुंध्यावर दोन थापा मारते आणि चालू लागते. माझ्याशी बोलायचं सुचलं तर बोलते.

मी म्हटलं, "नान्ना, तुमच्या दारात गटार नाही का?"

"आहे की," म्हणाली. आणि गेली.

फाटकाला कुलूप आणायचं आहे.

१९ मार्च

आठवडी बाजारातून सहा पिल्लं आणली होती, सहाही माद्या म्हणून. त्यातलं एक आज कुंपणावर चढून आरवलं. महिनाभर मी त्याला अंड्यांच्या आशेने खाऊ घालतेय! म्हणजे नको तिथे बाप्या निघालाच.

परवाच्या पावसात वरच्या बांधाची दगडी भिंत कोसळली आणि माझ्या घेवड्याच्या दोन ओळी तिच्याखाली गेल्या. तीन दिवस दगड उचलतेय. बावीस वर्षं बटणं लावलेली बोटं आता मला माझी वाटत नाहीत. कांदा मात्र उगवला. हिरवी सुई वर आली तेव्हा गुडघ्यावर बसून पाहत राहिले. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता, हे खोटं नाही.

११ एप्रिल

माझ्या तिन्ही झाडांना आत्ता कुठे पानं फुटताहेत आणि हे वाकडं मात्र हिरव्या फळांनी लगडलंय. मी खूश. आज एक तोडून कापलं. आत गर नाही, रस नाही, कापसासारखं कोरडं, आणि त्यातून दोन काळी चिलटं वळवळत बाहेर आली! चाकू टाकून दिला. दुसरं कापलं, त्यातही तेच. उंबरातले किडे ऐकले होते, पण अंजिरात?

जमालला फोटो पाठवला. तो बँकेत काउंटरवर बसतो, पण त्याला सगळं माहीत असतं. म्हणाला, "कीड आहे. काप, नाहीतर बाकीच्या तिन्हींना लागेल." उंटावरून शेळ्या हाकायची त्याची जुनी सवय. पण या वेळी मलाही तेच वाटतंय. ती तीन झाडं म्हणजे माझा सगळा हिवाळा. अंजीर सुकवून विकले तर शेळी येईल. नाही आले तर सोफा.

२७ एप्रिल

आज नळावर जे ऐकलं ते लिहायलाही लाज वाटते. पण लिहिते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसायचा नाही.

पाच-सहा बायका होत्या. दा मेझियानची सून गनिया सगळ्यांत वाचाळ. मी कॅन नळाखाली लावला आणि ती म्हणते कशी, "नुवारा, जून आला की आम्ही सगळ्या येणार हं तुझ्याकडे. बाप्याला एकटीच धरून बसू नकोस!"

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तर दुसरी म्हणते, "थोडा थोडा सगळ्यांना पुरतो गं तो. आगीच्या वर्षापासून गावात एवढा एकच तर उरलाय."

"आणि तगडा आहे!" गनिया. सगळ्या हसल्या. लेकुरवाळ्या बायका, भर रस्त्यात!

तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "तुम्हाला लाज नाही वाटत? तुमच्या घरी नवरे नाहीत?" गनियाचं तोंड उघडं ते उघडंच. मी अर्धाच भरलेला कॅन उचलला आणि निघाले.

वाटेत नान्ना शाभा भेटली. तिला आधीच काहीतरी कळलं असावं, किंवा कळलं नसावं, तिचं काही सांगता येत नाही. माझा हात धरून म्हणाली, "पोरी, बाप्याशिवाय बाया फळ धरत नाहीत. सगळं गळून जातं."

"माझं काय गळायचं ते गळून गेलं, नान्ना. मला बाप्या नको. अंगणात तर मुळीच नको."

ती हसली. "नको म्हणून कसं चालेल? तो काय तुझा एकटीचा आहे?"

म्हणजे नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोची बातमी इथवर पोचली! मला वाटलं होतं, डोंगरात तरी कुणी विचारणार नाही की बाई, तुझा माणूस कुठे. इथे तर दुसरं कुणी काही विचारतच नाही. घरी येऊन उशीत तोंड घालून रडले. नळावर जाणं बंद. पन्हळीखाली पिंप लावलंय, पावसाचं पाणी प्यायचं.

१६ मे

नान्ना शाभा डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे तिझी-ऊझूला गेली. तीन आठवडे येणार नाही. अंगण माझं. नळाच्या त्या दिवसापासून माझ्या वाटेने कुणी फिरकतही नाही.

कोंबड्यांना खुराडं हवं. सुताराने सांगितलेला आकडा ऐकून मी खाली बसले. लाकूड अंगणात उभं आहे, तेही किडकं, आणि वडिलांची करवत माझ्याकडे आहे. एका दगडात दोन पक्षी.

१८ मे

पाडलं. दोन दिवस लागले. चीक हातावर उडून कोपरापर्यंत फोड आलेत, पण पाडलं, एकटीने. लाकूड हलकं आणि पोचट निघालं, चार खांब आणि आडवी दांडी तेवढी झाली. फळांसकट फांद्या उतारावर नेऊन जाळल्या. चिलटांचा नायनाट. माझी तिन्ही झाडं सुटली.

इतकी वर्षं मी कुणाचं काही मोडलं नव्हतं की बांधलं नव्हतं. आज दोन्ही केलं. कोंबडा नव्या दांडीवर चढून आरवला. आता अंगणात बाप्या म्हणजे तो एकटाच. जमाललाही फोनवर हेच सांगितलं आणि आम्ही दोघं खूप हसलो.

७ जून

आजचं आजच लिहायला हवं.

सकाळी गाणं ऐकू आलं. फाटक उघडलं तर गावातल्या सगळ्या बायका, नवे झगे, कमरेला लाल फडकी, हातात टोपल्या आणि दोऱ्याची रिळं. गनियासुद्धा. कडेवरची पोरंसुद्धा. सगळ्यांत पुढे नान्ना शाभा, काळा चष्मा लावून, कुणाचा हात न धरता. मला वाटलं भांडण मिटवायला आल्यात. मी हसले! देवा, मी दारात उभी राहून हसले.

त्या अंगणात आल्या आणि गाणं मध्येच तुटलं.

नान्ना शाभाने चष्मा काढला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग हलक्या आवाजात विचारलं, "बाप्या कुठे आहे?"

तिने पुन्हा विचारलं, "पोरी, बाप्या कुठे आहे?" आणि तिचा हात आपोआप पुढे गेला, जिथे रोज थापा मारायची तिथे. तिथे हवा होती.

मला कळलं. कुणी सांगायच्या आधी कळलं, आणि कळलं तेव्हा वाटलं धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. फेब्रुवारीपासून ऐकलेलं एकेक वाक्य परत आलं आणि थोबाडीत मारून गेलं. थंडीत तगला. उभा होता. सगळ्यांना पुरतो. गावात एकच उरलाय.

पुढचं गनियाने सांगितलं. ती रागावलीही नव्हती, तिला फक्त धक्का बसला होता. अंजिराची गोड झाडं माद्या असतात. हे कोरडं, न खाण्याजोगं झाड नर, म्हणून बाप्या. त्याच्या फळात जी चिलटं असतात ती जूनमध्ये बाहेर पडतात आणि माद्यांच्या कोवळ्या अंजिरात शिरतात, तेव्हा कुठे अंजीर धरतात. बायका बाप्याची फळं दोऱ्यात ओवतात आणि प्रत्येक झाडाला माळ घालतात. माळ नाही घातली तर जुलैत सगळी अंजिरं गळून पडतात. गावात पाच बाप्ये होते. डोंगर पेटला त्या आगीच्या वर्षी चार जळाले.

"आणि तू आमची लाज काढलीस!" गनिया म्हणाली, आणि तोंडावर हात ठेवला, कारण तिला आत्ता उमगलं मी त्या दिवशी काय समजले होते. एरवी तिने हसून गाव गोळा केलं असतं. आज कुणी हसलं नाही.

नान्ना शाभा खुराड्यापाशी गेली. खांबावरून हात फिरवला, वरून खाली, पुन्हा वर. म्हणाली, "सासूने दिला होता. मी या दारात उतरले त्या दिवशी. म्हणाली, जमीन माझ्या लेकांची, हा तुझा." मग चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "डॉक्टरने डोळे दिले ते हे बघायला."

एकेक करून सगळ्या गेल्या. टोपल्या रिकाम्या.

८ जून

गावच्या बैठकीपुढे मला बोलावलं. दा मेझियानने माझा कागद मागवून मोठ्याने वाचला. घर, जमीन, तीन झाडं. "तीन," तो म्हणाला. "चौथं लिहायचं राहिलं नव्हतं, बाई. ज्याने तुम्हाला विकलं तो नान्नाचा पुतण्या. चौथं त्याचं नव्हतंच, मग तो विकेल कसं? आमच्याकडे जमीन एकाची आणि झाड दुसऱ्याचं असू शकतं. नान्नाचं झाड तुमच्या जमिनीत उभं होतं."

फुकट पदरात पडलं म्हणून गप्प बसले होते! मी त्या सगळ्या पुरुषांसमोर म्हटलं, "मी चोर आहे." एवढंच सुचलं.

एक म्हातारा म्हणाला, "शहरातली आहे, जाईल परत, सोडा." ते मला शिवीपेक्षा लागलं. दा मेझियान म्हणाला, दंड बसवायचा की नाही ते झाडाची मालकीण सांगेल. नान्ना शाभा दाराबाहेर बसली होती. आतून विचारलं तर तिथूनच म्हणाली, "आधी अंजीर. भांडण मागाहून."

दहा दिवस आहेत फार तर. पुढे कोवळ्या अंजिराचं तोंड मिटतं.

९ जून

बाजारात बाप्याच्या माळा विकायला असतात असं गनिया म्हणाली, म्हणून पहाटेच्या गाडीने गेले. तीन विक्रेते होते. मी माळ घेणार तोच शेजारच्या म्हाताऱ्याने माझ्या हातातलं फळ उलटं केलं. बुडाला बारीक भोक. दुसऱ्याला भोक, तिसऱ्याला भोक. "पाखरं उडालीत, बाई. ही काय कानात घालणार?" दोन महिन्यांपूर्वी मी चिलटं बघून चाकू टाकला होता. आज चिलटं नाहीत म्हणून भर बाजारात रडले.

त्यानेच सांगितलं, दरीपलीकडच्या उंच गावात फळ उशिरा पिकतं, मलखैर नावाच्या बाईकडे जा.

१२ जून

मलखैरकडून आत्ताच आले. तिची सात झाडं आहेत, सातही बाप्ये, भरलेले. मी शेळीसाठी ठेवलेले पैसे पुढे केले. तिने हात मागे घेतला. "बाप्या विकला तर झाड रुसतं. बाजारातले विकतात, म्हणून तर त्यांची भोकं."

"मग काय देऊ?"

"तुला येतं काय?"

येतं काय? आले त्या दिवसापासून जे जे केलं ते चुकलं होतं. म्हटलं, "शिवता येतं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. तिच्या लेकीचं लग्न दहा दिवसांवर आणि शिवणारी बाई आजारी, कापड तसंच पडलेलं. तीन झगे, गळ्याला, बाहीला, घेराला रंगीत नागमोडी फीत, प्रत्येकी आठ-आठ ओळी. मी मशीनवर बसले ती दुसऱ्या दिवशी दुपारी उठले. माझी बोटं परत माझी झाली होती. मलखैरने झगा उलटा करून आतली शिवण तपासली आणि टोपल्या आणायला गेली.

दोन मोठ्या टोपल्या, ओल्या फडक्याखाली. बातमी दरीपलीकडेही पोचली होती. निघताना म्हणाली, "जिचा बाप्या कापलास ती तुला घरात घेते का अजून?"

म्हटलं, "माहीत नाही."

१३ जून

सकाळपासून सगळ्या माझ्याच अंगणात बसून ओवत होत्या. एका माळेत पाच फळं, एका झाडाला एक माळ. एरवी तीन-तीन घालतात म्हणे. चौदा घरं, कसंबसं पुरवायचं. वाटप नान्ना शाभाने केलं. बोट दाखवून घर सांगायची, झाडं सांगायची, एकही चुकली नाही. माझ्या तीन झाडांना तीन माळा तिने स्वतः बांधल्या, मला शिडीवर चढू दिलं नाही. मी म्हटलं, "मला कशाला, नान्ना? राहू दे." म्हणाली, "गप."

संध्याकाळी रिकामी टोपली काखेत घेऊन घरी गेली. थकलेली दिसली. जाण्याआधी मागे वळून आपलं भांड्याचं पाणी नेहमीच्या जागी ओतलं, त्या कापलेल्या खुंटावर. सवय. मला बघवलं नाही.

गनिया माझ्याशी बोलली. "नुवारा, तुला खरंच वाटलं होतं की आम्ही..." आणि मग जी हसत सुटली ती ओवायच्या दोऱ्यात गुंतून पडली.

९ जुलै

धरले! माझ्या तिन्ही झाडांची अंजिरं टपोरी झाली आहेत. गनियाची धरली, दा मेझियानची धरली. कमी आहेत, पण आहेत. दा म्हणाला, "नवा बाप्या लावला तरी तीन वर्षं तो कामाचा नाही. तोवर दर जूनला तुम्हाला पलीकडे शिवायला जावं लागणार." जमाल म्हणाला होता तीन महिने. इथे हे लोक मला तीन वर्षं धरून चालताहेत!

पहिली पिकली की नान्नाला नेऊन देणार. दंडाचं ती अजून काहीच बोलली नाही. चार दिवस झाले, पाणी ओतायलाही आलेली नाही.

११ जुलै

ताक घेऊन नान्नाकडे गेले. मागच्या दारात पाऊल टाकलं तर पायाखाली काहीतरी फुटलं. खाली पाहिलं. हिरव्या अंजिरांचा सडा. तिची सहा झाडं आणि सहाही झाडांखाली जमीन दिसत नव्हती. वर एकही फळ नाही. एकाही फांदीला माळ नव्हती.

मी तिथेच ओरडले, "नान्ना! तुमच्या माळा?"

ती जात्यापाशी बसली होती. "पुरल्या नाहीत."

"मला तीन दिल्या तुम्ही! मला! ज्या बाईने तुमचा—"

"बस," ती म्हणाली. "ओरडू नकोस, मला आता दिसतं, ऐकू तर आधीपासून येतं." मग जात्याचा खुंटा सोडून माझ्याकडे वळली. "मी सत्तर वर्षांची. एक वर्ष अंजीर नसले तर मी कुठे जाणार आहे? पण नवी आलेली बाई पहिल्याच वर्षी रिकाम्या टोपलीने बसली, की ती जाते. माझ्या पुतण्याची बायको अशीच गेली. मागून तोही गेला. मग घर विकलं. अजून एकदा ते दार बंद झालेलं मला बघायचं नव्हतं."

"आणि दंड?"

"हाच की. आता जाऊन दाखव."

मी जमिनीवर बसले आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. तिने थोपटलं. दोन थापा, जशा झाडाला मारायची तशा.

२४ ऑगस्ट

बोरूच्या चटयांवर अंजिरं वाळताहेत. आज अर्धी टोपली भरून नान्नाकडे नेली. "झाडं तुझी, फळ तुझं," म्हणून घेईना. मी म्हटलं, "नान्ना, फळ धरलं कुणामुळे? बाप्यामुळे. आणि बाप्या तुमचा."

"माझा तर तू कापलास."

"चला, दाखवते."

हाताला धरून आणली. मी हे आठवड्यापूर्वी पाहिलं होतं, तिला सांगायचा धीर होत नव्हता. त्या खुंटाच्या मुळाशी, तिने ओतलेल्या पाण्यात, एक हिरवा कोंब उभा आहे, तीन पानांचा. मी त्याच्याभोवती खुराड्याच्या दांडीचं कुंपण केलंय. कोंबडा नाराज आहे.

नान्ना वाकली. चष्मा काढून जवळून पाहिला. "माझ्या नवीन डोळ्यांना सांगू नकोस," म्हणाली, "मला त्याचा अंकुर जूनमध्येच हाताला लागला होता." आणि अंजिराची टोपली उचलून घेतली.

मग मी जमालला फोन केला. सोफा कुणाला तरी देऊन टाक म्हटलं.

एप्रिलपासून नळावर गेले नव्हते, आज दुपारी गेले. त्याच सगळ्या होत्या. गनियाने लांबूनच हाक मारली, "काय गं नुवारा, घरात बाप्या आहे का?"

"आहे," मी म्हटलं. "वीतभर आहे, पण उभा आहे."

हसता हसता तिची घागर कलंडली. माझा नंबर आला तेव्हा मी कॅन काठोकाठ भरून घेतला. घरी दोघांना पाणी लागतं.